सुनिल थांबला ती जागा

आमच्या बँडचं नाव ग्रहणकोन. अर्थ विचारू नका. हे नाव ठरवायला आम्हाला पहिली धून बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले, यावरून आम्हाला कशाची हौस होती ते कळेल.

आम्ही जे वाजवतो त्याला प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. म्हणजे गिटार करवतीसारखी कर्कश, ड्रमचा पायाखाली धडधडाट, आणि ठेका असा की नीट चालता चालता मध्येच लंगडायला लागतो. आधी सात मात्रा, मग अकरा, मग परत सात. यावर कुणालाही नाचता येत नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगायचो. आमच्यात गाणारंही कुणी नाही. ‘शब्द संगीताला बांधून ठेवतात’ असं एक वाक्य मी मुलाखतीसाठी तयार करून ठेवलं होतं. मुलाखत घ्यायला कुणी आलं नाही. खरं कारण असं, की मी गायला लागलो की आमच्या मसोली गावातली कुत्री उठून जातात, आणि आमचा बेसवाला नविन गायला लागला की परत येऊन भुंकतात.

पण मला सांगायचंय ते सुनिलबद्दल. कुठलीही गोष्ट मी स्वतःपासून सुरू करतो, ही माझी खोड पुढेही दिसेल.

सुनिल आमचा ड्रमर. सायवनच्या अलीकडे एका पाड्यावर राहतो. पावसाळ्यात थोडी भातशेती, एरवी मिळेल ती मजुरी, आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत ड्रम. २०१५ साली रानशेतला एका हळदीला मी पाहुणा म्हणून गेलो होतो, तिथे त्याला पहिल्यांदा पाहिला. नाच रंगात आला होता, आणि नवरदेवाचा एक मामा तर इतका रंगात आला की नाचता नाचता सरळ सुनिलच्या ड्रमवर आडवा झाला. सुनिलने हात थांबवला नाही. मामाच्या खांद्याशेजारी ड्रमची जेवढी कड उरली होती तेवढ्यावर ठेका धरून राहिला. चौघांनी मामाला उचलून बाजूला ठेवेपर्यंत नाचणाऱ्यांना काही झाल्याचा पत्तासुद्धा लागला नाही.

नंतर मी त्याला विचारलं, तर म्हणाला की त्यांच्या पार्टीचा नियमच आहे. हळदीत ठेका तुटला की नाचणारे भानावर येतात, भानावर आले की जुनी भांडणं आठवतात. म्हणून काहीही होवो, वीज जावो, मारामारी होवो, ड्रमवाल्याने थांबायचं नाही. मला हे फार आवडलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं की तुझी कला इथे वाया चाललीय. मी तेव्हा डहाणू रोडला एका दुकानात लोकांच्या मोबाइलच्या फुटलेल्या काचा बदलत होतो. माझी कला कुठे चालली होती, ते त्याने विचारलं नाही. सुनिल सभ्य माणूस आहे.

आमचं संगीत मी त्याला समजावून सांगितलं. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, "मग लोक करतील काय?"

"ऐकतील," मी म्हणालो.

"नुस्तं?"

त्याची ही शंका अगदी रास्त होती, हे पुढच्या वर्षी एका गणपती मंडळात सिद्ध झालं. आम्ही आमची सर्वांत गहन धून वाजवली. ती संपल्यावर मंडळाचे अध्यक्ष स्टेजजवळ आले आणि साउंड चेक झालं असेल तर आता गाणी सुरू करा म्हणाले.

तरी सुनिल आमच्याबरोबर राहिला. त्याने बेंजो पार्टीच्या जुन्या ड्रमांतून एक सेट उभा केला, मोठ्या ड्रमला दोन पायांनी वाजवायची पेडलं लावली आणि माझं सात-अकराचं गणित मुकाट्याने शिकला. मी त्याला वारंवार टोकायचो. तू चार मात्रांच्या ठेक्यावर वाढलेला माणूस, तुला मोजायला जड जातं, असं म्हणायचो. तो मान हलवायचा. चूक बहुतेक वेळा माझी असायची, हे नविनला माहीत होतं. नविन बेस गिटार वाजवतो. त्याच्या काकांचा टेम्पो नसता तर आम्हाला सामानसुमानासकट कुठेच जाता आलं नसतं, म्हणून मी नविनला सहसा टोकत नाही.

सरावाला जागा नव्हती. मसोलीत आमच्या घरी एकदाच वाजवलं, तेव्हा आईने मच्छीची टोपली डोक्यावरून न उतरवताच विचारलं होतं की मिक्सर बिघडलाय का. शेवटी सुनिलच्या आईने जागा दिली.

तिचं नाव रूपी. आम्ही रूपीकाकी म्हणतो. नवरा लवकर गेला, तेव्हापासून बागायतदारांच्या चिकूवाडीत कामाला जाऊन तिने एकटीने मुलाला वाढवला. सगळा जन्म कुडाच्या घरात गेला. कुड म्हणजे कारवीच्या काड्यांची भिंत, वरून शेणामातीचं लिंपण. आणि सगळा जन्म तिने एकच गोष्ट मागितली होती, पक्कं घर. ते तिला सरकारी योजनेतून २०१७ मध्ये मिळालं. जुन्या घराशेजारीच विटांच्या दोन खोल्या, वर पत्रा. काकी भिंतीवरून जाता-येता हात फिरवायची. पाहुणा आला की आधी भिंतीला टेकून बसवायची, मग पाणी द्यायची.

तर त्या पक्क्या घराची पुढची खोली मी मागून घेतली. कुडातून आवाज बाहेर पडतो, विटा आवाज धरून ठेवतात, असं शास्त्र मी काकीला सांगितलं. तिने आपलं अंथरूण मागे चुलीच्या खोलीत हलवलं. आम्ही भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, गोधड्या टांगल्या. आम्ही वाजवायला लागलो की चुलीजवळची भांडी नाचायची. काकीची तक्रार नव्हती. तुमच्या आवाजानं उंदीर पळाले, असं ती चार लोकांत सांगायची. आमच्या संगीताचा आजवर कुणाला झालेला हा एकमेव फायदा.

आणि मग २०१८ च्या नोव्हेंबरात जमीन हलायला लागली.

डहाणू-तलासरीच्या लोकांना ते दिवस सांगायला नकोत. कधी दिवसातून एकदा, कधी लागोपाठ. खालून गडगड आवाज यायचा, पत्रे थरथरायचे, माणसं पोरांना काखेत मारून अंगणात. शाळा झाडाखाली भरायला लागल्या, तंबू आले. आणि या सगळ्यात आम्ही तिघं शहाणे एका विटांच्या खोलीत बसून दोन पायांनी मोठा ड्रम बडवत होतो.

पाड्यावरच्या लोकांची अवस्था काय झाली असेल ते बघा. आम्ही सुरू केलं की भूकंप समजून सगळे बाहेर धावायचे. शेजारची रखमीआजी एकदा अंगाला साबण लावलेल्या नातवाला घेऊन धावली, आणि नविनच्या बेसचा आवाज आहे हे कळल्यावर तिने आमच्या तिघांच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग बैठक बसली. तीत असं ठरलं की आम्ही वाजवायच्या आधी सुनिलने दारात उभं राहून थाळ्यावर चार ठोके द्यायचे. ठोके ऐकू आले की समजायचं, पोरं आहेत, बसून राहा. ठोक्यांशिवाय हललं की समजायचं, धरती आहे, पळा. सगळ्यांना पटलं. दोन्ही एकदम झालं तर काय, हा प्रश्न त्या बैठकीत कुणालाच पडला नाही. बारावी सायन्स झालेला मी तिथे हजर होतो.

पाड्यावर बहुतेकांची घरं कुडाची. कुड हलतो, वाकतो, पण अंगावर पडत नाही. ज्यांची विटांची घरं होती ते तंबूत किंवा जुन्या कुडात झोपायला लागले होते. काकी सोडून. तिच्या मागच्या भिंतीला, चुलीच्या बरोबर वर, एक तडा गेला होता. ती त्यावर माती लिंपायची, तो परत उघडायचा. सुनिल रोज तिला जुन्या घरात चल म्हणायचा, ती रोज नाही म्हणायची. एकदा माझ्यासमोरच त्याने विषय काढला, तेव्हा तिने आमच्या खोलीकडे हात केला.

"तुम्ही तिघं आत बसून वाजवता ना? घर पडायचं असतं तर तुम्ही बसला असता? मग मीच का जाव बाहेर?"

 याला उत्तर एकच होतं, आणि ते सुनिलने मला अंगणात गाठून दिलं. "हार्दिक, आपण बंद करू. आपण निघालो की ती निघेल. नाहीतर ती त्या चुलीपासून हलायची नाही."

तेव्हा आमची रेकॉर्डिंग चालली होती. अल्बम म्हणायला लहान आणि गाणं म्हणायला मोठी असते, तिला ईपी म्हणतात. आमची तीन धुनांची होती. दोन झाल्या होत्या, तिसरी बाकी होती. मी म्हणालो, आता जागा बदलली तर ड्रमचा आवाज बदलेल, तिन्ही धुना एका घरच्या वाटणार नाहीत. फक्त एक रविवार दे. सुनिल बरं म्हणाला. तो माझं ऐकायचा. मी पडलो स्टेशनाजवळचा माणूस, मला जास्त कळत असणार असं त्याला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, ही खरी पंचाईत.

तो रविवार आला. उन्हं वर आली होती. काकी मागे चुलीवर भाकऱ्या करत होती. नविनने लॅपटॉप लावला, माइक मांडले. सुनिलने दारात जाऊन थाळ्यावर चार ठोके दिले, सगळा पाडा निश्चिंत झाला. मी कानांवर हेडफोन चढवले आणि डोळे मिटले. थोर वादक डोळे मिटून वाजवतात, असं मी व्हिडिओत पाहिलं होतं.

धून चांगली चालली होती. इतकी चांगली आम्ही कधीच वाजवली नव्हती. मधला अवघड भाग आला, सातवरून अकरावर जायचा, आणि ड्रम थांबला.

रानशेतच्या मामाखालीसुद्धा न थांबलेला माणूस थांबला. यावरून मला काही कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की शेवटी हा मोजायला चुकलाच. मी काही थांबलो नाही. उलट आणखी जोरात वाजवायला लागलो, म्हणजे कोण पक्का आणि कोण कच्चा ते रेकॉर्डिंगमध्ये नीट यावं. खालून खोली हलत होती ती मला बेसमुळे हलतेय असं वाटलं. बेस तर कधीच बंद झाला होता. नविन गळ्यात बेस घेऊन अंगणात उभा होता, तुटलेली वायर मागे लोंबत होती. पक्क्या घरात एकटा मी, डोळे मिटून, अकरा मात्रांत. आणि डोळे न उघडताच मी ओरडलो, "अरे सुन्या, मोजता येत नाही का तुला?"

सुनिलला बुडाखालचं स्टूल हलल्याचं सगळ्यांच्या आधी कळलं होतं. त्याने मला नंतर सांगितलं की स्टूल ठेक्यात हलत नव्हतं. त्याने काठ्या टाकल्या आणि मागच्या खोलीत धावला. काकी चुलीपुढे बसलेलीच होती. चार ठोके तिने ऐकले होते, म्हणजे पोरंच आहेत. त्याने हाताला धरलं तर ती म्हणाली, तव्यावर भाकर आहे. मग त्याने विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. काखेत धरून उचललं आणि मागच्या दाराने बाहेर नेलं. ती दोघं बाहेर पडली आणि तड्याच्या वरची अर्धी भिंत आत आली. चूल, तवा, भाकर, सगळं विटांखाली गेलं.

तो आवाज मात्र हेडफोनमधूनही मला ऐकू आला. मी डोळे उघडले. समोर धूळ होती, आणि धुळीतून सुनिल माझ्याकडे येत होता. आईला अंगणात ठेवून तो परत आत आला होता. मला न्यायला. त्याला मी काय बोललो ते त्याने ऐकलं होतं की नाही, मला आजही माहीत नाही. तो म्हणाला, "हार्दिक, चल बाहेर."

अंगणात काकी जमिनीवर बसली होती. एका हाताला पीठ तसंच होतं. घराकडे बघून ती रडत होती, मोठ्याने, लहान पोरांसारखी. मला इतकी लाज वाटली की गिटार कुठे ठेवावी ते कळेना. ती गळ्यातच अडकवून मी उभा राहिलो, आणि पाड्यावरची माणसं माझ्याकडे बघत होती.  

त्या रात्रीपासून काकी जुन्या कुडाच्या घरात झोपायला लागली. आमची खोली संपली. अंड्यांचे ट्रे नविनने टेम्पोत भरून नेले.

माझी खोड मात्र तशीच. दोनेक आठवडे गेले आणि मला वाटायला लागलं, तिसरी धून वाया का घालवायची. लॅपटॉप वाचला होता, रेकॉर्डिंग त्यात होती. मी ती रोज दुकानातून आल्यावर साफ करत बसलो. ड्रम थांबतो तिथे सुनिलचाच आधीचा ठेका कापून चिकटवला, बेसही तसाच चिकटवला. माझं ओरडणं काढलं, त्याचं बोलावणं काढलं, विटांचा आवाज काढला. आता धून अशी झाली की सुनिल कुठे थांबतच नाही. सात, अकरा, सात, अगदी नेमकं. मी स्वतःची पाठ थोपटली आणि ती फोनवर घेऊन ऐकवायला पाड्यावर गेलो.

सुनिल मजुरीला गेला होता. काकी कुडाच्या घराच्या ओट्यावर वाल सोलत बसली होती. नविनने तिला सांगितलं होतं की त्या दिवशीचं सगळं मशीनमध्ये भरलं गेलंय. तिने वाल बाजूला ठेवले, हात पुसले आणि लाव म्हणाली. इतक्या वर्षांत काकीने आमचं संगीत बसून ऐकल्याचं मला आठवत नाही. ते तिच्या घरात व्हायचं, जसा पत्र्यावर पाऊस होतो. आता ती फोनजवळ वाकून ऐकत होती. मला वाटलं, चला, एक तरी श्रोता मिळाला. धून संपली. ती तशीच वाकून राहिली.

"सुन्या उठून आला, ते कुठं हाय ह्याच्यात?"

मी म्हणालो, ते काढून टाकलं.

"का?"

"ती चूक झाली होती ना काकी. ड्रम मध्येच थांबला होता."

काकी माझ्याकडे बघायला लागली. रागावली नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मला न्यायला आला, ती चूक?"

मी नाही म्हणालो. नाही काकी, ती चूक नव्हती, असं दोनदा म्हणालो. तिने मला पाणी दिलं. तिथे टेकायला विटांची भिंत नव्हती, म्हणून मी नुसताच बसलो. मग ती परत वाल सोलायला लागली आणि मी उठून मसोलीला आलो.

घरी येऊन मी चिकटवलेलं सगळं काढलं आणि काढलेलं सगळं परत घातलं. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही ती ईपी इंटरनेटवर टाकली. तिसऱ्या धुनेत सुनिल थांबतो. मग बराच वेळ एकटी माझी गिटार येते, मूर्खासारखी, आणि तिच्यावर माझा आवाज, मग विटा, मग त्याचा आवाज. लोकांनी फार ऐकली असं नाही. पण ज्यांनी ऐकली त्यांना तीच जागा आवडली. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एका माणसाने लिहिलं की ड्रम बंद करून गिटारला एकटं सोडणं ही कल्पना धाडसाची आहे, आणि विचारलं की बँड गात नाही म्हणता, मग ते दोन आवाज कुणाचे आणि काय म्हणतात.

एरवी मी त्याला शब्द आणि संगीत यांच्यावर मोठं उत्तर लिहिलं असतं. तशी सुरुवात केलीही होती. मग ती पुसली आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं, की पहिला आवाज गिटारवाल्याचा आहे, तो ड्रमरला मोजता येत नाही म्हणून ओरडतोय. दुसरा ड्रमरचा आहे, त्याने आईला घराबाहेर काढलंय आणि आता तो गिटारवाल्याला न्यायला आलाय.